नवे वीर, जुने राक्षस

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नव्या आवृत्तीला माझा विरोध ती आवृत्ती निघण्याच्या आधीपासूनचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घोषणा झाली की या खेळाचे नियम नव्याने लिहिले जाणार, आणि मी रात्री जेवताना घरात जाहीर केलं, की हे चालणार नाही. आईने विचारलं, "काय चालणार नाही?" मी म्हटलं, "ते अजून ठरायचंय." नियमांचे कच्चे मसुदे तेव्हा कुठे चाचणीसाठी बाहेर पडायला लागले होते. पण विरोध करायला तपशील लागतोच असं थोडंच आहे? भूमिका आधी घ्यायची, तपशील सवडीने येतात.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण गोष्ट सांगतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात, सोयीसाठी डीएम. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. डीएम म्हणतो, "समोर लोखंडी दार आहे." कोणीतरी म्हणतं, "मी लाथ घालतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि दार मोडलं की पाय, ते बघायचं. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि एकच गोष्ट वर्ष-दोन वर्षं सहज चालते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ रचला आणि १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो विकायला काढला. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार, त्याही घरी बसून हाताने पेट्यांत भरलेल्या. गायगॅक्स आधी विमा कंपनीत नोकरीला होता, ती गेल्यावर काही काळ बूट दुरुस्त करायचा. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल फार जवळीक वाटते. मी टेंडरच्या अटी आणि शर्ती लिहितो. त्या कोणी वाचत नाही.

माझी या खेळातली गादी जुनी आहे. २००४ साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एकाच्या अमेरिकेतल्या चुलत भावाने साडेतीनव्या आवृत्तीचं 'प्लेअर्स हँडबुक' पाठवलं. (आवृत्ती साडेतीनवी कशी असते हे विचारू नका. तिसरी २००० साली आली, तीन वर्षांत डागडुजी करावी लागली, आणि चौथी म्हणायला बहुधा जीव झाला नसावा.) आम्ही कॉलेजच्या गेटासमोर त्याची झेरॉक्स काढली, स्पायरल मारून घेतलं. स्वामित्वहक्क वगैरे गोष्टी तेव्हा आमच्या स्वप्नातही येत नव्हत्या. परीक्षेचे दिवस होते, दुकानात ही झुंबड. त्या गर्दीत मधली काही पानं गळली, ती नेमकी लढाईच्या प्रकरणातली. शत्रूला मिठी मारून जखडून ठेवायचं, ज्याला 'ग्रॅपल' म्हणतात, त्याचा नियम त्या पानांवर होता.

पुढे कधीतरी तो मुळातून वाचला तेव्हा झेरॉक्सवाल्याचे उपकार कळले. आधी तुम्ही जवळ जाणार म्हणून शत्रूला एक फुकटचा वार. त्यातून वाचलात तर त्याला हात लागला का, याचा फासा. लागला तर दोघांनी आपापला फासा टाकायचा, त्यात ताकद मिळवायची, शरीराच्या आकाराप्रमाणे चार वाढवायचे किंवा वजा करायचे. तोवर शत्रू म्हातारा होतो. आमच्याकडे पानच नव्हतं, म्हणून आम्ही ग्रॅपल आलं की पंजा लढवायचो. म्हणजे खराखुरा. टेबलावर कोपर टेकून, बाकीचे चौघे ओरडतायत, आणि ज्याचा हात खाली गेला त्याचं पात्र जखडलं. मी अंगाने जेमतेम, त्यामुळे माझा सहा फुटी योद्धा होस्टेलच्या चार वर्षांत यक्षिणीपासून उंदरापर्यंत सगळ्यांच्या मिठीत सापडला. तरी नियम म्हणजे नियम.

२००८ साली चौथी आवृत्ती आली. मी नोकरीला लागलो होतो, खेळ सुटला होता, पण विरोध सुटला नव्हता. कानावर असं आलं की आता प्रत्येक वीराला ठरावीक करामती मिळतात, काही दर डावाला, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा, आणि सगळा प्रकार व्हिडिओ गेमच्या वळणावर गेलाय. मी ते पुस्तक उघडून पाहिलं नाही. उघडलं असतं तर मत डळमळीत व्हायची भीती होती. तिकडे अमेरिकेत माझ्यासारखे पुष्कळ निघाले. पायझो नावाच्या प्रकाशकाने २००९ मध्ये साडेतीनव्याच नियमांना रंगरंगोटी करून 'पाथफाइंडर' हा खेळ काढला आणि रुसलेली मंडळी तिकडे गेली. आपण एका मोठ्या चळवळीचा भाग आहोत असं वाटून मी ऑफिसात उगाच ताठ चालायचो. आवृत्ती बदलल्याच्या रागावर उभ्या राहिलेल्या त्या पाथफाइंडरनेही २०१९ साली स्वतःची दुसरी आवृत्ती काढली, आणि तिच्यावर रुसणारेही निघाले. ती बातमी मी कोणाला सांगितली नाही.

पुन्हा खेळायला लागलो ते लॉकडाउनमध्ये, व्हिडिओ कॉलवर. तोवर २०१४ ची पाचवी आवृत्ती येऊन सहा वर्षं झाली होती. हीही मी आधी नाकारली, पण माझा कॉलेजात जाणारा भाचा ती खेळत होता आणि घरात खेळणारं दुसरं माणूस नव्हतं. तो ड्रूइड, म्हणजे रानावनातला मांत्रिक. होस्टेलचा माझा रूममेट पॅलाडिन, म्हणजे देवाची शपथ घेऊन दुष्टांवर तुटून पडणारा धर्मवीर; एरवी तो बँकेत कर्जवसुली बघतो. तिसऱ्या आमच्या बिल्डिंगमधल्या दातांच्या डॉक्टर. त्या रेंजर आहेत, धनुष्यबाण घेऊन जंगलात माग काढत हिंडतात. आणि चौथ्या बाई. बाई शाळेत मराठी शिकवतात, वर्गात आवाज चढवत नाहीत, मुलं त्यांना घाबरत नाहीत याचं त्यांना वाईट वाटतं. त्या अर्धा ऑर्क बार्बेरियन आहेत, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा राक्षस असा रानटी लढवय्या. संतापल्या की परशूने दारं फोडतात. डीएम अर्थात मी, कारण मी म्हणालो की मला सगळे नियम येतात.

व्हिडिओ कॉलवर पंजा लढवता येईना, म्हणून ग्रॅपलला दगड-कागद-कात्री सुरू केलं. पॅलाडिन नेट अडकल्याचं नाटक करून, समोरच्याचा हात बघून, स्वतःचा हात बदलायचा. देवाची शपथ घेतलेला माणूस.

मग आलं २०२३. या खेळाच्या नियमांवर आधारून कोणीही आपलं साहित्य छापू-विकू शकेल, असा एक खुला परवाना २००० सालापासून होता. पाथफाइंडर त्याच्याच जोरावर निघालं. जानेवारीत बातमी फुटली की 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ही मालक कंपनी तो परवाना बदलून मोठ्या विक्रेत्यांकडून वाटा मागणार आहे. जगभर आगडोंब उसळला. लोकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी धडाधड रद्द केली. कंपनीने मत मागवलं तर पंधरा हजारांहून अधिक लोकांनी ते दिलं, आणि बहुतेक विरोधात गेलं. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना राहू दिला, शिवाय मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचा मोकळा करून टाकला. खेळाडूंना काळजी वाटायला सबळ कारण होतं, आणि ती त्यांनी तडीला नेली. हे मी गंभीरपणे लिहितोय.

त्या लढ्यातला माझा वाटा मात्र वेगळा. सगळे वर्गणी रद्द करतायत हे पाहून मीही आवेशाने रद्द करायला गेलो, तर माझी वर्गणीच नव्हती. मी भाच्याच्या खात्यावर बघत होतो. मग निषेध नोंदवायचा कसा? म्हणून मी रीतसर वर्गणी घेतली, कार्डाचा नंबर भरला, आणि दुसऱ्या दिवशी तणतणत रद्द करायची असं ठरवून झोपलो. सकाळी टेंडर उघडायचं होतं. ती वर्गणी गणपतीपर्यंत दरमहा डॉलरमध्ये कापली जात होती.

नवी पुस्तकं २०२४ मध्ये यायला लागली. पण एकदम तिन्ही आली असती तर काय हवं होतं! खेळाडूंचं पुस्तक सप्टेंबरात, डीएमचं नोव्हेंबरात, राक्षसांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये. दर पुस्तकाला छापील किंमत पन्नास डॉलर. मधले पाच महिने वीर नवे आणि राक्षस दहा वर्षं जुने. कंपनीचं म्हणणं असं की काही बिघडत नाही, नवे नियम जुन्या साहित्याबरोबर चालतात. हे एक वाक्य नसतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

भाच्याने वाढदिवसाच्या पैशांतून खेळाडूंचं नवं पुस्तक मागवलं. ३८४ पानं, गुळगुळीत कागद, चित्रं अशी की पान उलटायला हात धुऊन यावं. मी शनिवारी घरी सभा बोलावली; लॉकडाउन संपल्यापासून आम्ही टेबलाभोवतीच जमत होतो. विषय एकच: नवी आवृत्ती स्वीकारावी का. मला वाटलं एकमताने ठराव होईल. पण प्रत्येकाची काळजी वेगळी निघाली.

पॅलाडिनची काळजी 'स्माइट'ची. आधी त्याचा वार बसला की तिथल्या तिथे दैवी तेज ओतून जादा नुकसान करता यायचं, एका डावात दोन वार बसले तर दोनदा. आता ते मंत्रात जमा झालंय आणि डावात एकदाच करता येतं. "माझी वसुली निम्म्यावर आणली," असं तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात ऑफिसातलं दुःख होतं.

बाईंचं दुःख खोल. नव्या पुस्तकात अर्धा ऑर्क नाही. पूर्ण ऑर्क आहे, अर्धा गेला. हा प्राणी कमनशिबी आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याला खेळाडूंच्या पुस्तकातून काढलं होतं, तिसऱ्यात तो परत आला, आता पुन्हा घराबाहेर. भाचा म्हणाला, "मग पूर्ण ऑर्क घ्या ना बाई." बाई म्हणाल्या, "मी इतकी वर्षं या अर्ध्याला वाढवलाय. त्याचे वडील कोण, आई कोण, सगळं वहीत लिहिलंय. आता आई काढून टाकू?" खोलीत शांतता पसरली.

डॉक्टरांची तक्रार तांत्रिक आहे आणि माझ्या मते सगळ्यात खरी आहे. रेंजरला नव्या पुस्तकात जे काही मिळतं त्यातलं बरंचसं 'हंटर्स मार्क' या एकाच मंत्राभोवती फिरतं. पहिल्या पातळीला तो मंत्र फुकट. तेराव्या पातळीला मार बसला तरी तो मंत्र तुटत नाही. आणि विसाव्या पातळीला, म्हणजे आयुष्यभर जंगलात वणवण केल्यावर, त्या मंत्राच्या सहा बाजूंच्या फाशाऐवजी दहा बाजूंचा फासा. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्षं प्रॅक्टिस करून रिटायर होताना मला एक जरा मोठा चिमटा."

मग मी उभा राहिलो. भाषण तयार होतं. परंपरा म्हणजे काय, पन्नास वर्षांचा वारसा म्हणजे काय, आणि नव्या पुस्तकात ग्रॅपलची कशी विटंबना झाली आहे, असं मी चढत्या आवाजात सांगत गेलो. आता म्हणे पकडणाऱ्याने फासाच टाकायचा नाही. ज्याला पकडलं त्यानेच ताकदीचा किंवा चपळाईचा फासा टाकून सुटायचं. "दोन वीरांनी समोरासमोर बळ आजमावण्याचा मूळ नियम यांनी पुसून टाकला!" मी म्हणालो.

भाचा दोन्ही पुस्तकं उघडून बसला होता. "मामा, मूळ म्हणजे २०१४ च्या पुस्तकात दोघांनी फासा टाकायचा होता, ते बरोबर. पण पंजा कुठल्या पानावर आहे?"

मी त्याला म्हटलं, काही गोष्टी पानावर नसतात. पॅलाडिन छताकडे बघायला लागला. त्यानंतर भाच्याने आमच्या 'मूळ नियमां'ची उलटतपासणीच घेतली. वीस पडले की आम्ही तिप्पट नुकसान धरतो: पुस्तकात नाही. मेलेल्या पात्राला सगळ्यांनी मिळून चहा पाजला की ते एका हिट पॉइंटवर जिवंत होतं: नाही. डीएमने टाकलेला फासा टेबलावरून खाली पडला तर तो धरायचा नाही, खेळाडूचा पडला तर धरायचा: तेही नाही, आणि हे तर माझ्याच विरोधात जातं, तरी मी ते पुस्तकातलं समजून पाळत होतो. पन्नास वर्षांचा वारसा म्हणून मी ज्याचं रक्षण करत होतो, तो पुण्यातल्या एका होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर तयार झाला होता.

अशा वेळी सभेत जे होतं तेच झालं. सुवर्णमध्य निघाला. सगळं एकमेकांबरोबर चालतं असं कंपनीच म्हणते ना, मग ज्याला जे पात्र ज्या आवृत्तीचं हवं ते आणावं. टाळ्या पडल्या. टेंडरमध्ये मी असं कलम कधीही घालू दिलं नसतं.

पुढच्या शनिवारी मी सगळा दम लावून एक दबा रचला. माळशेज घाटातल्या एका वळणाचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढला. खाली अरुंद वाट, वर कड्यावर हॉबगॉब्लिन नावाच्या राक्षसांची टोळी आणि त्यांचा सरदार. २०१४ च्या नियमाने, बेसावध सापडलेल्याचा पहिला डाव बुडतो. त्याला हलताही येत नाही. माझा सगळा बेत त्यावर उभा होता. मी शक्य तितक्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "वरून दगड घरंगळतात..."

"मामा, नव्या नियमात डाव बुडत नाही," भाचा म्हणाला. "फक्त कोण आधी, कोण नंतर हे ठरवताना दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा."

क्षणात चौघेही नव्या आवृत्तीचे झाले. गेल्या शनिवारी अर्ध्या ऑर्कसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बाईंनी दोन फासे टाकले. एकोणीस आणि अठरा. अठरा धरले तरी त्या सगळ्यांच्या आधी. पाठोपाठ बाकीचे. दबा धरून बसलेले माझे हॉबगॉब्लिन दबा धरूनच बसले.

बाईंचा परशू नव्या पुस्तकातला. त्याला आता एक करामत आहे: वार बसला की शत्रूने फासा टाकायचा, चुकला तर आडवा पडायचा. म्हणजे बाईंच्या दर वाराला मला एक जादा फासा. पॅलाडिनने स्माइट जुन्या पुस्तकातलं घेतलं, दोन वारांना दोन. आणि जखमा भरायचा हात मात्र नव्या पुस्तकातला, कारण तो आता मुख्य कृती न खर्चता लावता येतो. मी म्हटलं, एक कुठलंतरी घे. तो म्हणाला, "ज्या अटी ग्राहकाच्या हिताच्या त्या लागू." वसुलीवाल्याच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि मग भाच्याने, नव्या पुस्तकाच्या त्या मालकाने, शांतपणे जुनं पुस्तक उघडलं. 'कंज्युर अ‍ॅनिमल्स' हा मंत्र नव्या आवृत्तीत सुधारलाय. आता प्राण्यांचा एक धूसर कळप येतो आणि त्याचा हिशेब एकदम होतो. जुन्यात खरे, सुटे प्राणी यायचे. आठ लांडगे. प्रत्येकाचा वेगळा वार. शेजारी सोबती असला की लांडग्याला एकाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो. म्हणजे सोळा फासे. प्रत्येक चाव्याला शत्रूने आडवं न पडण्यासाठी पुन्हा एक फासा. आणि यातला अर्धा शत्रू बाईंनी आधीच आडवा केलेला.

लांडग्यांच्या बाहुल्या नव्हत्या, म्हणून भाच्याने डब्यातले आठ खारे शेंगदाणे नकाशावर मांडले. प्रत्येकाला पेन्सिलीने आकडा घातला. मी बेरजा करत होतो, डॉक्टर कोणत्या लांडग्याने कोणाला चावलं ते बिलाच्या मागे लिहीत होत्या, आणि माझे वडील पाणी प्यायला बाहेर आले. नकाशाकडे कुतूहलाने बघत त्यांनी एक नंबर, चार नंबर आणि सात नंबर तोंडात टाकले.

"आजोबा!" भाचा किंचाळला.

"खवट आहेत," बाबा म्हणाले.

यावर कायदेशीर पेच उभा राहिला. लांडगे मेले का? पॅलाडिनचं मत, हे नैसर्गिक संकट. भाच्याचं मत, निदान फासा तरी टाकू द्या. मी डीएम म्हणून निर्णय दिला की हल्लेखोराने फासा टाकावा. बाबांच्या हातात वीस बाजूंचा फासा दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन नीट पाहिला, "हा गोट्या खेळायचा आहे का?" असं विचारलं, आणि टाकला. वीस. आमच्या मूळ नियमाप्रमाणे तिप्पट नुकसान. शेजारचे आणखी दोन लांडगे मी नाइलाजाने उचलले. ते बाबांनी मागून घेतले.

या खेळात एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. साडेसहाला सुरू केलेल्या लढाईत रात्री अकरा वाजता आमचे बारा सेकंद पार पडले होते. बाहेरून मागवलेली मिसळ टेबलावर तशीच, पाव कडक झालेले, कटाचं भांडं नकाशाच्या टोकाला, माळशेजच्या पायथ्याशी. माझा सरदार उरलासुरला जीव घेऊन पळायला निघाला. त्याला मी पळू देणार होतो, तो पुढच्या दहा भागांचा खलनायक होता. पॅलाडिन म्हणाला, "पकडतो."

"कोणत्या आवृत्तीने?" भाच्याने विचारलं.

पॅलाडिनने उत्तर दिलं नाही. टेबलावर कोपर टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. आता मी काय करायला हवं होतं ते मला कळतं. भाच्याचा नियम मान्य करायला हवा होता. सरदाराची चपळाई बरी होती, एक फासा टाकून तो सुटलाही असता. पण समोर होस्टेलचा गडी, चार वर्षांचे पराभव, आणि मधल्या काळात मी जिमची वर्षाची फी भरलेली. गेलो नव्हतो, पण भरली होती. मी बाही वर सारली.

हात जुळले. पहिला क्षणभर माझा हात खाली गेला नाही, याचाच मला इतका चेव आला की मी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरून सगळं अंग टाकलं. टेबल तिरकं झालं. माळशेज घाट कलला, फासे घरंगळले, उरलेले तीन लांडगे खाली पडले आणि कटाचं भांडं संथपणे, जराही घाई न करता, उघड्या पडलेल्या नव्या कोऱ्या ३८४ पानी पुस्तकात रिकामं झालं. लढाईच्या प्रकरणावर.

गुळगुळीत कागदावर कट कसा पसरतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आधी तो वर तरंगतो, वाटतं पुसला जाईल. मग तेल आत उतरतं आणि पान आरपार होतं. अलीकडचा नियम आणि पलीकडचा नियम एकावर एक वाचता येतो. बाई टिपकागद घेऊन धावल्या. डॉक्टरांनी कापूस आणला. पॅलाडिन म्हणाला, "हात मात्र तुझाच खाली गेला." भाचा काहीच बोलला नाही, आणि भाचा काही बोलला नाही की ताईचा फोन येतो.

तर सांगायची गोष्ट अशी, की नव्या आवृत्तीला सगळ्यात कडवा विरोध करणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी ते पुस्तक पूर्ण किमतीने मागवलं. कोरी प्रत भाच्याला दिली. कटाची माझ्याकडे राहिली. कपाटात अजून वास येतो. आमच्या टोळीत नव्या आवृत्तीची प्रत स्वतःच्या मालकीची असलेला दुसरा माणूस मीच, आणि कोऱ्या प्रतीचे पैसे भरून कटाची प्रत पदरात पडलेला एकटाही मीच.

पैसे गेले म्हणून ते वाचलं, जेवढं वाचता येतं तेवढं. मत झालं ते सांगतो. बेसावध सापडण्याचा नवा नियम जुन्यापेक्षा बरा आहे. पहिला डाव नुसतं बसून राहणं कोणालाच आवडत नाही, आणि माझा दबा तसाही फार ग्रेट नव्हता. पॅलाडिनचं स्माइट आवरलं ते योग्य केलं, हे त्याच्यासमोर म्हणणार नाही. लांडग्यांचा कळप केला त्याबद्दल लेखकांचे आभार. दर वाराला शत्रू आडवा पडण्याची ती परशूची करामत खेळ रेंगाळवते, माझ्या टेबलावर तरी नकोशी झाली आहे. रेंजरवर अन्यायच झालाय, डॉक्टरांच्या चिमट्याशी मी सहमत आहे. अर्धा ऑर्क काढायला नको होता. जुन्या पुस्तकातून तो आणता येतो, आम्ही आणला, त्याची आई शाबूत आहे.

आता आमच्याकडे नियमाचा वाद निघाला की भाचा पुस्तक बघून सांगतो आणि तेच अखेरचं. मी फक्त गोष्ट सांगतो. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, ठाण्यात, नौपाड्यात. एक जागा रिकामी आहे. पात्र कुठल्याही एका आवृत्तीचं आणावं, पण एकाच. फासे आमच्याकडे आहेत. येताना काही खायला आणलंत तर कोरडं आणा.